बिंदूची प्रदक्षिणा

आजच्या भाषणाचा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून पुष्कळांचा हात रेडिओच्या बटणाकडे गेला असेल. ‘निर्देशक प्रतलावर आरंभबिंदूभोवती बिंदू फिरवणे’ असे ते नाव. नाव जड आहे खरे, पण गोष्ट घरातली आहे. जाते मधल्या खुंट्याभोवती फिरते, रहाट आसाभोवती फिरतो, तुळशीवृंदावनाभोवती आपण प्रदक्षिणा घालतो. मध्ये एक जागा स्थिर आणि बाकी सारे तिच्याभोवती फिरते, एवढीच आजची कल्पना. गणित तिच्यात एकच प्रश्न घालते : फिरणारी वस्तू फिरून झाल्यावर नेमकी कुठे असेल?

रेडिओवर फळा नसतो. म्हणून शक्य असेल त्यांनी हाताशी एक कागद व पेन्सिल घ्यावी. ज्यांच्यापाशी नसेल त्यांनी अंगण डोळ्यांपुढे आणावे, तेवढ्याने भागेल.

मी मुंबईच्या उपनगरातल्या एका कॉलेजात गणित शिकवतो. माझ्या वर्गात अंधेरी, बोरीवली, मुलुंड, घाटकोपर अशा ठिकाणांहून मुले येतात, आणि शिक्षणासाठी गाव सोडून नातेवाइकांकडे राहिलेलीही काही असतात. ‘बिंदू नव्वद अंशांतून फिरवला तर काय होते?’ असे विचारले, की सारा वर्ग एका सुरात सांगतो, ‘सर, क्ष, य चे वजा य, क्ष होते.’ उत्तर अगदी बरोबर. पण ‘ते वजा पहिल्या जागी का आले, दुसऱ्या जागी का नाही?’ असे विचारले की शांतता. मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणते, ‘सर, सूत्रच तसं आहे ना!’

श्रोतेहो, हे ‘सूत्रच तसं आहे’ मला फार महत्त्वाचे वाटते. ज्या मुलाला सूत्र दिसत नाही, त्याला ते पाठ करावे लागते. पाठ केलेले चिन्ह परीक्षेच्या दिवशी हटकून जागा बदलते. असे दोन-तीनदा झाले, की ते मूल मनाशी ठरवून टाकते, की गणित आपल्यासाठी नाही. एका वजाच्या चिन्हापायी हुशार मूल या विषयातून उठून जाते. म्हणून आज आपण ते चिन्ह पाठ न करता डोळ्यांनी पाहू या.

गावातल्या मोठ्या झाडाचा पार हा आपला आरंभबिंदू धरा. पारावरून एक रस्ता पूर्वेला जातो, त्याला क्ष-अक्ष म्हणू. दुसरा उत्तरेला जातो, तो य-अक्ष. पूर्वेची व उत्तरेची पावले धन, पश्चिमेची व दक्षिणेची ऋण. आता पारापासून चार पावले पूर्वेला आणि तिथून एक पाऊल उत्तरेला जा, आणि तिथे एक खुंटी ठोका. या खुंटीचा पत्ता झाला (४, १). पहिला आकडा पूर्वेचा, दुसरा उत्तरेचा. जुन्या पुस्तकांत यांना भुज आणि कोटी म्हणत, आता निर्देशक म्हणतात. नववीतल्या मुलांना हे ठाऊक आहे.

आता सारे अंगणच पाराभोवती पाव फेरी फिरले अशी कल्पना करा, म्हणजे नव्वद अंश फिरले. फिरण्याची दिशा पूर्वेकडून उत्तरेकडे. खुंटी कुठे जाईल, हे लगेच सांगायची घाई करू नका. खुंटी जरा बाजूला ठेवा, आधी रस्त्यांचे काय झाले ते बघा. पूर्वेचा रस्ता फिरून उत्तरेला आला. उत्तरेचा रस्ता फिरून पश्चिमेला गेला. बस्स, एवढेच घडले.

खुंटीचा पत्ता काय होता? चार पूर्वेला, एक उत्तरेला. पूर्वेची जागा उत्तरेने घेतली, तेव्हा ती चार पावले आता उत्तरेची झाली. उत्तरेची जागा पश्चिमेने घेतली, तेव्हा ते एक पाऊल आता पश्चिमेचे झाले. म्हणजे खुंटी पारापासून एक पाऊल पश्चिमेला आणि चार पावले उत्तरेला गेली. पश्चिम ऋण, म्हणून नवा पत्ता (−१, ४). मुलांना जे सूत्र पाठ असते ते हेच. वजा पहिल्या जागी आला, कारण उत्तर पश्चिमेला गेली. आता ते चिन्ह विसरायचे म्हटले तरी विसरता येणार नाही.

आजच्या भाषणातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा : बिंदूच्या मागे धावू नका, दोन रस्त्यांच्या मागे जा. रस्ते कुठे गेले हे कळले, की बिंदू त्यांच्या पाठोपाठ येतो.

याची थोडी सवय करू. त्यासाठी आमच्या उपनगरांचा नकाशा सोयीचा आहे. अंधेरी स्टेशन आरंभबिंदू धरा. नकाशावर पट्टी ठेवून ढोबळ मोजले, तर मुलुंड स्टेशन अंधेरीपासून सुमारे १२ किलोमीटर पूर्वेला आणि ६ किलोमीटर उत्तरेला येते. म्हणजे मुलुंडचा पत्ता (१२, ६). अंधेरीला टाचणी टोचून हा नकाशा पाव फेरी फिरवला तर मुलुंड कुठे जाईल? १२ पूर्वेचे ते १२ उत्तरेचे, ६ उत्तरेचे ते ६ पश्चिमेचे, म्हणून (−६, १२). जुन्या नकाशावर त्या जागी काय आहे पाहिले, तर आपण बोरीवलीच्या पश्चिमेला खाडीपलीकडे, गोराईच्या किनाऱ्याच्या आसपास पोचतो. ठाण्याच्या वेशीवरचे मुलुंड थेट समुद्राकाठी!

आता घाटकोपर घेऊ. मुले अडखळतात ती इथेच. घाटकोपर अंधेरीपासून सुमारे साडेसहा किलोमीटर पूर्वेला आणि साडेतीन किलोमीटर दक्षिणेला आहे, तेव्हा पत्ता (६.५, −३.५). सूत्र पाठ केलेला विद्यार्थी म्हणेल : ‘वजा य’ घ्यायचा, पण य आधीच वजा आहे, मग दोन वजा झाले का? आणि तिथे त्याचे पेन थांबते. रस्त्यांकडे पाहणारा विद्यार्थी म्हणेल : पूर्व उत्तर झाली, म्हणून साडेसहा उत्तरेला. दक्षिण फिरली की पूर्व होते, म्हणून साडेतीन पूर्वेला. उत्तर (३.५, ६.५). ही जागा गोरेगावच्या पूर्वेकडच्या डोंगरझाडीत येते. दोन वजांचे काय झाले याची चिंताच त्याला करावी लागली नाही.

फिरण्याची दिशा मात्र नीट सांगायला हवी. देवाची प्रदक्षिणा आपण देव उजव्या हाताला ठेवून घालतो. वरून पाहिले तर ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने होते. गणितात धन कोन याच्या उलट मोजतात : पूर्व, मग उत्तर, मग पश्चिम, मग दक्षिण. म्हणजे गणिताची प्रदक्षिणा उलटी असते असे म्हणा ना! नुसते ‘नव्वद अंश फिरवा’ असे प्रश्नात म्हटले असेल तर ही उलटी दिशा घ्यायची. ‘घड्याळाच्या दिशेने’ असे स्पष्ट म्हटले असेल तर पूर्वेचा रस्ता दक्षिणेला जातो आणि उत्तरेचा पूर्वेला येतो. मग आपली (४, १) ही खुंटी चार पावले दक्षिणेला आणि एक पाऊल पूर्वेला जाऊन (१, −४) होते. सूत्र वेगळे, रीत तीच.

अर्धी फेरी तर याहून सोपी. पूर्व पश्चिमेला जाते, उत्तर दक्षिणेला जाते, तेव्हा दोन्ही आकडे चिन्हे बदलतात आणि जागा बदलत नाहीत. (४, १) चे (−४, −१) होते. दोन पाव फेऱ्या लागोपाठ घ्या, हेच उत्तर येईल. चार घेतल्या की बिंदू घरी परत.

आता या साऱ्यात बदलत काय नाही, ते पाहू. मळणीयंत्रे येण्यापूर्वी खळ्यात बैलांची पात कशी चाले, हे जुन्या मंडळींनी पाहिले आहे. मध्ये तिवडा रोवलेला, काही भागांत त्याला मेढ म्हणत, आणि त्याला बांधलेले बैल गोल फिरत. आतल्या बैलाला थोडे चालावे लागे, बाहेरच्याला पुष्कळ. पण फेरी दोघांची एकाच वेळी पुरी होई. कोन दोघांचा सारखा, आणि तिवड्यापासूनचे अंतर ज्याचे त्याला कायम. बिंदूंचेही तसेच. दूरचा बिंदू मोठे वर्तुळ काढतो, जवळचा लहान, पण मधल्या खुंटीपासूनचे अंतर कोणाचेच बदलत नाही.

यातून उत्तर तपासण्याची एक युक्ती मिळते. अंतराचा वर्ग म्हणजे दोन्ही आकड्यांच्या वर्गांची बेरीज. (४, १) साठी १६ अधिक १ म्हणजे १७. (−१, ४) साठी १ अधिक १६, पुन्हा १७. जुळले. पण सावध राहा बरं का! एखाद्याने चिन्ह विसरून नुसती अदलाबदल केली आणि (१, ४) लिहिले, तरी बेरीज १७ च येते. अंतर जुळते, पण उत्तर चुकीचे असते, कारण ते आरशातले प्रतिबिंब आहे, फिरवणे नव्हे. म्हणून दुसरी तपासणीही करावी : बिंदू योग्य चरणात पडला का? ईशान्येच्या चरणातला बिंदू पाव फेरीने वायव्येच्या चरणात गेलाच पाहिजे. (१, ४) ईशान्येतच राहिला, तेव्हा तो खोटा.

इथवर फक्त पाव आणि अर्धी फेरी झाली. पण जगातल्या सगळ्या वस्तू काटकोनातच फिरतात असे थोडेच आहे? तेव्हा आता तिरक्या कोनाकडे वळू.

गवंड्याला काटकोन साधायचा असतो तेव्हा तो दोरीवर तीन, चार आणि पाच अशी मापे घेतो. तीन नि चारच्या बाजू काटकोनात असल्या की तिरकी बाजू पाच येते, कारण ९ अधिक १६ म्हणजे २५. हीच मापे आपण वापरू. पारापासून पूर्वेला पाच पावलांची एक काठी आडवी ठेवा. तिचे टोक (५, ०) वर. पाराशी असलेले टोक न हलवता काठी उत्तरेकडे वळवत न्या, आणि दुसरे टोक (४, ३) वर आले की थांबा. काठीची लांबी पाचच राहिली. हा कोन सुमारे ३७ अंशांचा आहे.

उत्तरेच्या रस्त्यावरही पाच पावलांची काठी होती. ती कुठे गेली? दोन्ही काठ्यांमध्ये काटकोन होता, तो कायम आहे. म्हणजे नवी उत्तरेची काठी ही नव्या पूर्वेच्या काठीची पाव फेरी. पाव फेरी तर आपल्याला येते! (४, ३) ची पाव फेरी (−३, ४). झाले, दोन्ही रस्ते मिळाले.

आता (५, ५) हा बिंदू घ्या. तिथे जायला पूर्वेची एक काठी नि उत्तरेची एक काठी चालावे लागते. अंगण फिरले तरी अंगणातली वाट अंगणाबरोबरच फिरते. म्हणून फिरल्यावरही त्याच दोन काठ्या चालायच्या, फक्त वळलेल्या. (४, ३) मध्ये (−३, ४) मिळवा : चारातून तीन गेले एक, तीन अधिक चार सात. नवा पत्ता (१, ७). तपासून पाहा : २५ अधिक २५ पन्नास, १ अधिक ४९ पन्नास. कोनमापक नाही, कोष्टक नाही, आणि तिरक्या कोनातून बिंदू फिरला.

काठी पाचाऐवजी एका पावलाची धरली, तर पूर्वेच्या एका पावलाचे (०.८, ०.६) होते आणि उत्तरेच्या एका पावलाचे (−०.६, ०.८). दुसरा कोन घेतला की ०.८ आणि ०.६ च्या जागी दुसरे दोन आकडे येतात, रीत बदलत नाही. या दोन आकड्यांना आज कोसाइन आणि साइन म्हणतात. आपल्या परंपरेत त्यांची नावे कोटिज्या आणि ज्या. मग नियम असा : नवी पूर्व काढायची तर जुनी पूर्व कोटिज्येने गुणा आणि त्यातून जुनी उत्तर गुणिले ज्या वजा करा. नवी उत्तर काढायची तर जुनी पूर्व ज्येने गुणा आणि तीत जुनी उत्तर गुणिले कोटिज्या मिळवा. पाव फेरीत कोटिज्या शून्य आणि ज्या एक, म्हणून वजा य, क्ष. पाठ केलेले सूत्र या मोठ्या नियमाचे धाकटे भावंड आहे.

हा नियम ऐकून शिक्षक मंडळींना ओळखीचे काही आठवले असेल. दोन कोनांच्या बेरजेची ज्या काढण्याचे जे सूत्र आपण शिकवतो, तेच या नियमाच्या दुसऱ्या ओळीत आहे. वर्तुळावरचा बिंदू जमिनीपासून जितका उंच तितकी त्याची ज्या. तो आणखी थोडा फिरवला तर नवी उंची किती, हाच तो प्रश्न. आणि याचे उत्तर आपल्या मातीत फार जुने आहे. शके १०३६ मध्ये, म्हणजे इ.स. १११४ त, जन्मलेल्या भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ पुरा केला. त्यातल्या ‘ज्योत्पत्ती’ या प्रकरणात त्यांनी सांगितले आहे : दोन चापांच्या ज्या परस्परांच्या कोटिज्यांनी गुणाव्या, त्रिज्येने भागाव्या आणि मिळवाव्या, म्हणजे बेरजेच्या चापाची ज्या येते. वजाबाकीच्या चापासाठी मिळवण्याऐवजी वजा करावे.

त्यांच्यापुढे विमाने नव्हती, आलेखाचा कागदही नव्हता. आकाशात फिरणाऱ्या ग्रहांची जागा आधी सांगायची होती, आणि त्यासाठी ज्यांची कोष्टके अचूक हवी होती. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे, पाटणादेवीच्या परिसरात, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला. इ.स. १२०७ च्या सुमाराचा तिथला शिलालेख याची साक्ष देतो. मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांपुढे आणला. सह्याद्रीच्या पायथ्याशी आठशे वर्षांपूर्वी मुले जे गणित शिकत, त्याचीच एक ओळ आज माझ्या वर्गात ‘सूत्रच तसं आहे’ म्हणून पाठ केली जाते, याचे मनाला वाईट वाटते.

‘पण याचा आम्हाला उपयोग काय?’ असे शेतकरी बंधू विचारतील, आणि त्यांनी तो विचारावाच. तेव्हा जमिनीचेच उदाहरण घेऊ. तुमचे चौरस शेत आहे, प्रत्येक बांध ५० मीटरचा. क्षेत्रफळ २,५०० चौरस मीटर, म्हणजे सातबाराच्या भाषेत २५ आर. बांध पूर्व-पश्चिम नीट असतील तर मोजणे सोपे. पण शेत तिरके बसले आहे असे समजा, अगदी आपल्या तीन-चार-पाचच्या कोनात. एक कोपरा आरंभबिंदूवर ठेवला तर दुसरा (४०, ३०) वर येतो, तिसरा (−३०, ४०) वर, आणि समोरचा (१०, ७०) वर. आता कोणी नुसते पाहिले, की शेत पश्चिमेला ३० मीटर आणि पूर्वेला ४० मीटर पसरले आहे, म्हणजे पूर्व-पश्चिम ७०. दक्षिणोत्तरही शून्यापासून ७०. सत्तर गुणिले सत्तर ४,९००, म्हणजे ४९ आर! पंचवीसचे जवळजवळ दुप्पट. विकणाऱ्याने असे सांगितले तर घेणारा बुडाला, आणि घेणाऱ्याने मान्य केले तर पुढे भाऊबंदकी ठरलेली. फिरवल्याने लांबी बदलत नाही, काटकोन बदलत नाही, आणि क्षेत्रफळही बदलत नाही. म्हणून तिरक्या शेताचे माप त्याच्या बांधाच्या दिशेनेच घ्यावे. जमीन हलवता येत नाही, पण मोजणारे रस्ते आपल्याला वळवता येतात. बिंदू एका बाजूला फिरवा की अक्ष उलट बाजूला फिरवा, हिशेब एकच.

अक्ष वळवण्याचे दुसरे उदाहरण आमच्या उपनगरात रोज डोक्यावरून जाते. सांताक्रूझ आणि अंधेरी यांच्या लगत मुंबईचा मोठा विमानतळ आहे. तिथे दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यांच्या टोकांवर मोठे आकडे रंगवलेले असतात : एकीच्या टोकांना ०९ आणि २७, दुसरीच्या टोकांना १४ आणि ३२. हे आकडे म्हणजे दिशा. वैमानिक उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने अंश मोजतो, आपल्या प्रदक्षिणेसारखे. पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. अंश दहाच्या पटीत घेऊन शेवटचे शून्य गाळले की धावपट्टीचा आकडा मिळतो. २७ वर उतरणारे विमान पश्चिमेकडे तोंड करून येते. घाटकोपरच्या लोकांना विमाने घरांवरून खाली उतरताना दिसतात ती याच पट्टीकडे जात असतात. आणि गंमत पाहा : ९ मध्ये १८ मिळवले की २७, चौदात १८ मिळवले की ३२. अठरा म्हणजे १८० अंश, अर्धी फेरी. पट्टी एकच, टोक दुसरे.

उतरताना व उडताना विमानाला वारा समोरून हवा असतो. मागून आला तर थांबायला जास्त पट्टी लागते, बाजूने आला तर विमान सरळ ठेवायला त्रास होतो. आता उदाहरणापुरते समजा, की ताशी २० किलोमीटरचा वारा थेट पश्चिमेकडून येत आहे. २७ च्या दिशेने जाणाऱ्या विमानाला तो पुराचा पुरा समोरून मिळतो. पण ३२ च्या दिशेने जाणाऱ्याचे काय? २७० आणि ३२० यांत ५० अंशांचे अंतर. म्हणजे आपले अक्ष ५० अंश वळवायचे. ५० अंशांची कोटिज्या सुमारे ०.६४३, ज्या ०.७६६. वीसला त्यांनी गुणा : समोरून सुमारे १२.९ आणि डाव्या बाजूने सुमारे १५.३. दोन्हींचे वर्ग मिळवा, ४०० च्या आसपास येतात, म्हणजे विसाचा वर्ग. वारा तोच, तेवढाच, फक्त दोन नव्या रस्त्यांवर वाटला गेला.

आता त्याच पट्टीवर उलट टोकाकडून, १४ च्या दिशेने, विमान निघाले तर? अर्धी फेरी झाली, दोन्ही चिन्हे बदलली. समोरचा १२.९ आता पाठीमागचा झाला आणि डाव्या बाजूचा १५.३ उजव्या बाजूचा. माझ्या वर्गातल्या ज्या वजाला परीक्षेत अर्धा गुण मिळतो, तो इथे समोरचा वारा आणि पाठीमागचा वारा यांतला फरक सांगतो. चिन्ह म्हणजे कागदावरची आडवी रेघ नव्हे, ती दिशा आहे. हे एकदा पटले, की मूल ती रेघ निष्काळजीपणे लिहीत नाही.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींसाठी दोन शब्द. हा पाठ शिकवायला महाग साहित्य लागत नाही. आलेखाच्या कागदावर दोन अक्ष काढा. त्यावर ट्रेसिंगचा कागद ठेवा, नाहीतर तेलाचा हात फिरवून आरपार दिसू लागलेला साधा कागद चालेल. त्यावर अक्ष व तीन-चार बिंदू उतरवा, आरंभबिंदूवर टाचणी टोचा, आणि वरचा कागद मुलांकडून फिरवून घ्या. वरच्या कागदावर एखादे अक्षर, समजा ‘क’, जरूर काढा. फिरवल्यावर तो तिरका, आडवा, उलटा दिसेल, पण मान वळवली की ‘क’ म्हणून वाचता येईल. तोच कागद उलथा करून ठेवला तर मान कितीही वळवा, ‘क’ आरशातलाच राहील. फिरवणे आणि उलथणे यांतला फरक मुलांना तासभर व्याख्यान देऊन कळणार नाही, तो या एका अक्षराने कळतो.

शाळेपुढे मैदान असेल तर आणखी चांगले. फक्कीने अक्ष आखा. एका मुलाला मध्ये उभे करा, दुसऱ्याच्या हाती दोरीचे टोक द्या आणि त्याला पाव फेरी चालू द्या. कुठे पोचलास ते पावलांनी मोजून सांग म्हणावे. आधी करू द्यावे, मग बोलू द्यावे, आणि चिन्हासकट सूत्र सर्वांत शेवटी लिहू द्यावे. माझ्या वर्गात एका मुलीने हा प्रश्न सोडवताना वहीच गरकन पाव फेरी फिरवली, पाहिले आणि उत्तर लिहिले. शेजारची मुले हसली. मी त्यांना सांगितले, तिने जे हाताने केले तेच सूत्र आकड्यांनी करते. पुढच्या तासाला निम्मा वर्ग वह्या फिरवत होता. आणखी चार दिवसांनी वह्या फिरायच्या थांबल्या, कारण तोवर ते फिरणे मुलांच्या डोळ्यांत बसले होते.

तेव्हा श्रोतेहो, घरात कोणी मूल ‘वजा य, क्ष’ असे घोकताना दिसले, तर त्याला अंगणात बोलवा. पूर्वेकडे तोंड करून उभे राहायला सांगा. मग म्हणावे, डावीकडे पाव फेरी वळ. आता तुझी पूर्व कुठे गेली? आणि तुझी उत्तर कुठे गेली? या दोन प्रश्नांची उत्तरे त्याने दिली, की उरलेले गणित ते स्वतः करील.